उभ्याने लिहिलेला पेपर

मोहिनीने ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक छातीएवढ्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर टेकवलं आणि उभ्याउभ्याच पान उलटलं. मग उजव्या पायाने डावी पोटरी घासली, डाव्याने उजवी. दिवेलागण झाली होती. खाली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्या जात होत्या.

खाटेवर मांडी घालून बसलेली प्रतिभा म्हणाली,

"बस की जरा. कधीची उभी आहेस."

"सकाळी बसले होते. सकाळी बसवतं."

"आणि आता?"

मोहिनीने पुस्तकातून मान वर केली नाही. "आता नाय बसवत."

दोघी सत्त्याण्णवच्या जूनमध्ये एका खोलीत आल्या होत्या, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रतिभा देवळ्याची, कांद्याच्या चाळीशेजारी वाढलेली. मोहिनी सुरगाण्याच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. त्या पाड्यावरून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. पहिल्या महिन्यातच प्रतिभाच्या लक्षात आलं, की ही मुलगी दुपारपर्यंत चारचौघींसारखी असते. ऊन कललं की मात्र तिच्या पायांना स्वस्थता नसते. जेवणाच्या पंगतीला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. रविवारी साऱ्याजणी टीव्हीसमोर सतरंजीवर पसरलेल्या असताना ही दाराला टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत सिनेमा बघायची. अंथरुणावर पडली तरी थोड्या वेळाने उठून गॅलरीत फेऱ्या घालायची.

मुली काय काय बोलायच्या. कोणी म्हणे, रस्त्यावरून कोणीतरी बघतो म्हणून ही गॅलरीत फिरते. कोणी म्हणे, बाहेरचं काहीतरी आहे. मोहिनीच्या कानावर हे सगळं जायचं. ती वाद घालायची नाही. चालणंही थांबवायची नाही.

शेवटी रेक्टर मालनबाईंनी प्रतिभाला बोलावून घेतलं.

"तुला झोप मिळत नसेल तर सांग. कोपऱ्यातल्या खोलीत एक खाट रिकामी आहे."

प्रतिभाने थोडा विचार केला. "नको मॅडम. तिथे अभ्यास होणार नाही माझा."

ते खरंच होतं. मोहिनी चालता चालता एकेक रासायनिक क्रिया पुटपुटायची. गॅलरीच्या या टोकाला क्रिया सुरू व्हायची आणि त्या टोकाला उत्तर यायचं. सुरुवातीला त्या पुटपुटण्याने प्रतिभाचं डोकं उठायचं. दिवाळीनंतर तिला कळलं, की पुस्तक न उघडताच आपल्याला अर्धा धडा येतोय. मग ती बाहेर जाऊन मोहिनीबरोबर चालू लागली. पुढे पहिल्या वर्षाच्या काही मुली अडलेलं विचारायला येऊ लागल्या. मोहिनी त्यांना गच्चीवर न्यायची. ती पुढे, मुली मागे, असा गच्चीभर फिरता वर्ग चालायचा. ज्या मुली तिच्याबद्दल कुजबुजत होत्या, त्यातल्याही दोघी त्यात होत्या. मोहिनीने त्यांना कधी काही ऐकवलं नाही.

"नक्की होतं तरी काय गं पायांत?" प्रतिभाने एकदा विचारलं.

मोहिनी थांबली. नेमका शब्द शोधत असल्यासारखी.

"मुंग्या म्हणावं तर मुंग्या नाय. दुखतंय म्हणावं तर दुखत पण नाय. हाडाच्या आत कोणी दोरा घालून ओढतंय, असं वाटतं. चाललं की सोडतं. बसलं की परत ओढतं."

सराव परीक्षेचे पेपर दुपारी तीन ते सहा होते. पाच वाजेपर्यंत मोहिनीने निभावलं. मग तिचे पाय थरथरू लागले, तसा बाकही. शेजारच्या मुलीने तक्रार केली. पर्यवेक्षक निकुंभ सर होते, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. अंगाने सडपातळ, शिस्तीला कडक.

मोहिनी उठून उभी राहिली. "सर, थोडा वेळ उभ्याने लिहू का?"

"परीक्षा आहे ही, तालीम नाही. खाली बस."

वर्गात हसू पसरलं. मोहिनी बसली. दोन्ही पाय एकमेकांत घट्ट अडकवून तिने आणखी काही ओळी लिहिल्या. मग पेपर उचलला, सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर गेली. दोन मोठे प्रश्न कोरेच राहिले.

पेपर संपल्यावर प्रतिभाने शोधलं, तर ती मैदानाला फेऱ्या घालत होती. रडत नव्हती.

"मला सगळं येत होतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभा तिला कॉलेजजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि ते हसले. "काही नाही, परीक्षेचं टेन्शन आहे. लग्न झालं की आपोआप जाईल."

जिना उतरताना मोहिनी शांतपणे म्हणाली, "माझ्या आईचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली. तिचे पाय अजून थांबले नायत."

प्रतिभाला हसावं की काय करावं कळेना. मग दोघीही पायरीवर थांबून हसल्या.

कोणीतरी शरणपूर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. बाईंनी हातोडी काढली नाही. कधी होतं, बसल्यावर वाढतं का, चालल्यावर थांबतं का, घरात आणखी कोणाला आहे का, असं एकेक विचारत गेल्या. रक्त तपासून घेतलं. शरीरात लोह फार कमी होतं. त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मोहिनीने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"रेस्टलेस लेग्ज," बाई म्हणाल्या. "बेचैन पाय म्हण हवं तर."

"म्हणजे हे दुसऱ्या कोणाला पण असतं?"

"पुष्कळांना असतं. सांगत नाहीत लोक. काय सांगायचं तेच कळत नाही त्यांना."

लोहाच्या गोळ्यांचा गुण यायला काही महिने लागतील, संध्याकाळचा चहा बंद कर, असं बजावून त्यांनी कॉलेजसाठी एक चिठ्ठी लिहून दिली. रस्त्यावर आल्यावर मोहिनीने चिठ्ठीची नीट घडी घातली. मग म्हणाली, "नाव हाय त्याला. आईला सांगायला पाहिजे."

पण परीक्षा एप्रिलमध्ये होती, तीही दुपारचीच. गोळ्यांनी तोवर फरक पडणार नव्हता.

"चिठ्ठी प्राचार्यांना देऊ आणि जास्तीचा वेळ मागू," प्रतिभा म्हणाली.

"वेळ कशाला? हात चांगला चालतो माझा."

ती चिठ्ठी घेऊन निकुंभ सरांकडेच गेली. प्रतिभाला ते पटलं नव्हतं, पण ती बरोबर गेली. सर स्टाफरूमच्या खिडकीशी उभे होते. मोहिनीने चिठ्ठी पुढे केली.

"सर, मला सवलत नको. पेपर लॅबमध्ये लिहू द्या. तिथली टेबलं उंच आहेत. प्रॅक्टिकल आपण सगळे उभ्यानेच करतो. मी पेपर पण तिथे उभ्याने लिहीन."

आवाजात विनवणी नव्हती, की त्या दिवसाचा रागही नव्हता. पुरेसा विचार करून आलेलं माणूस बोलतं, तसं ती बोलली. प्रतिभाला वाटलं, आपल्याला हे असं कधी जमलं नसतं.

सरांनी चिठ्ठी वाचली. उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा वाचली.

"कधीपासून आहे?"

"आठवीपासून."

"अर्ज दे. प्राचार्यांशी मी बोलतो."

ऑरगॅनिकच्या पेपरला प्रतिभा मोठ्या हॉलमध्ये होती. घंटा व्हायच्या थोडं आधीच पेपर देऊन ती लॅबकडे गेली आणि दाराच्या काचेतून आत पाहू लागली. पांढऱ्या फरशीच्या लांबलचक टेबलापाशी, दोन बर्नरच्या मधल्या जागेत मोहिनी लिहीत होती. पाय जागच्या जागी चालत होते. वरचं अंग मात्र स्थिर होतं आणि हात सरसर पुढे जात होता. चेहऱ्यावर जे सुख होतं, ते प्रतिभाने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

लॅबमध्ये पर्यवेक्षणाला निकुंभ सर एकटेच होते. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. ते खिडकीपासून बेसिनपर्यंत जात होते आणि परत फिरत होते.

घंटा झाली. मोहिनीने शेवटची ओळ पुरी करून पेपर दिला आणि बोटं चोळली. प्रतिभा दार लोटून आत आली.

"झाला?"

"सगळा झाला."

सर पाकिटाला दोरा बांधत होते. गाठ बसल्यावरही त्यांची बोटं तिथेच घुटमळली.

"मोहिनी, त्या डॉक्टरबाई संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात?"

मोहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या बुटांकडे. एक टाच सारखी उचलली जात होती.

"तुम्हाला रात्री जास्त होतं का, सर?"

नळ गळत होता, तो सरांनी जाऊन घट्ट केला.

"थिएटरात पूर्ण सिनेमा मी कधी पाहिला नाही," ते पाठमोरेच म्हणाले. "घरी सगळ्यांना वाटतं, मला आवड नाही."

मोहिनीने पेनाला टोपण लावलं.

"आठपर्यंत असतात. पण गर्दी असते, बाकड्यावर बसून राहावं लागतं. तुम्ही बसू नका, बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या घाला. नंबर आला की मी हाक मारते."

"आज?"

"आजच जाऊ. पुढचा पेपर सोमवारी आहे."

सरांनी पाकीट ऑफिसात जमा केलं. फाटकापाशी दोन-तीन रिक्षा उभ्या होत्या. एक रिक्षावाला पुढेही आला. पण सर आणि मोहिनी बोलत बोलत त्याला ओलांडून केव्हाच रस्त्याला लागले होते. त्यांना गाठायला प्रतिभाला जवळजवळ पळावं लागलं.