माझं पातं कुठं पडलं?

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, याहून जास्त काही खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून एवढ्यावरच सुरुवात करते. कुणी मला शिकाऱ्यांची काठी म्हणालं, कुणी वाटेची खूण म्हणालं, एका बाईनं तर माझ्यावर ओला हातमोजा वाळत घातला. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. दीड हजार वर्षं बर्फाखाली निजून उठलेल्या जिवानं वाद तरी कुणाशी घालावा?

जन्म मात्र लख्ख आठवतो. नॉर्वेच्या डोंगराखाली, ओढ्याच्या काठी एक भूर्जाचं झाड होतं. अल्रूना नावाच्या बाईनं मला तिथून तोडलं, साल सोलली आणि टोकाजवळ गोल खाच कोरली. मग तिनं तळहाताएवढं एक लाकडी पातं पातळ तासलं आणि कातड्याच्या वादीनं त्या खाचेत सैलसर बांधलं. बांधताना ती ओठांतल्या ओठांत तिच्या देवाला आळवत होती. तिचा भाऊ हारिउल्फ शेजारी बसून बाण घासत होता.

"इतकं सैल कशाला बांधतेस? गळून पडेल."

"सैलच हवं. घट्ट बांधलं तर गप्प बसेल."

"म्हणजे तुझ्या तोंडासारखं?"

"हो. आणि माझ्या तोंडाला घाबरून तू जसा पळतोस ना, तशीच रेनडिअरंही पळतील."

तेवढ्यात वारा आला आणि पातं बोललं. टक् टक् टक्! कीर्तनात बुवांच्या हातातल्या चिपळ्या बोलतात ना, तसं. एकट्या चिपळीनं काय होणार? दुसरी भेटली की नाद उमटतो. माझंही तसंच. श्वास वाऱ्याचा, जीभ पात्याची, मी नुसती उभी. पण मी उभी नसते, तर जिभेनं बोलायचं कुठून?

माझं काम सोपं होतं. उन्हाळ्यात गोमाशा रेनडिअरांना जगू देत नाहीत. मग त्यांचे कळप उंचावरच्या बर्फावर येऊन उभे राहतात. तिथं माणसांनी आम्हा काठ्यांची रांग रोवली होती. तुमच्या शेतात बुजगावणं असतं, ते माझं दूरचं भावंडच म्हणा. पात्याची फडफड दिसली की कळप बिचकायचा, वळायचा आणि रांगेच्या कडेकडेनं चालत राहायचा. रांग संपायची तिथं दगडांच्या बुटक्या भिंतीआड हारिउल्फ आणि त्याचे सोबती धनुष्य ताणून बसलेले असायचे.

त्या शिकारीवर वस्तीचा हिवाळा निघायचा. अल्रूना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "शहाणी गं माझी!" मी फुलून जायचे. पण एकदा एक पाडस माझ्यासमोर थबकलं. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलं. माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पातं फडफडलं, ते वळलं आणि गेलं. कुठं गेलं, ते मला ठाऊक होतं. मी माणसांना जगवत होते की त्या पाडसाला मारत होते? तेव्हा उलगडा झाला नाही, आजही होत नाही.

एका वर्षी बर्फ वेळेआधीच आलं. माणसं घाईनं खाली उतरली. जाताना अल्रूना म्हणाली, "उद्या येऊन तुम्हाला काढते." मग माझ्या कमरेएवढं बर्फ झालं, मग गळ्याएवढं. मी त्या उद्याची वाट पाहत निजले.

जाग आली, तेव्हा मी आडवी होते. अंगावर ऊन होतं. वादी कुजून मऊ झाली होती, पण माझं पातं गळ्याशी होतं. मला वाटलं, उद्या उजाडला! पण अल्रूना आली नाही. आला तो तोरग्रिम.

तोरग्रिम हा खालच्या गावातला म्हातारा सुतार. ईस्टरच्या सुट्टीआधी बर्फात भूर्जाच्या काठ्या रोवून स्की करणाऱ्यांना वाट आखून द्यायची आणि पानगळीच्या दिवसांत वाटेवरच्या दगडांच्या राशी नीट रचायच्या, हे त्याचं आयुष्यभराचं व्रत. चर्चमधलं भजन गुणगुणत तो चालत होता. त्या गाण्यानं माझं मन निवलं. भाषा कळली नाही, पण आळवणी ओळखीची होती.

मला पाहून तो थांबला. "अरेरे! आपलीच कुठली तरी काठी इथं येऊन पडली की. चल बाई, तुला जागेवर ठेवतो." त्यानं मला उचललं आणि वादी तुटली. पातं दगडांत पडलं. मी ओरडले असते हो, पण माझी जीभच तर तिथं पडली होती!

त्यानं मला लांब पश्चिमेला, वाटेवरच्या राशीत रोवलं आणि समाधानानं निघून गेला. तिथून माझ्या गोंधळाला पारावार उरला नाही. माझ्यापासून जिवांनी दूर पळावं म्हणून मला घडवलेलं. आता धुक्यातून माणसं धडपडत यायची आणि मला पाहून म्हणायची, "सापडली बाई वाट!" कुणी टेकायचं, कुणी फोटो काढायचं. मी बदलले होते, की जग उलटं झालं होतं?

पुढच्या पानगळीत गुरो ही बाई आणि तिचा सोबती ऐलिव्ह, असे दोन संशोधक आले. बर्फाच्या कडेनं मान खाली घालून चालणं हा त्यांचा धंदा. वितळत्या बर्फातून वर आलेली वस्तू वेळेत उचलली नाही, तर ऊन-वारा थोड्याच वर्षांत तिचा भुगा करतो. त्यांना माझ्या दोन बहिणी सापडल्या होत्या, पण बिनपात्याच्या. शिकारीची रांग पूर्वेच्या घळीकडे वळत होती की पश्चिमेच्या उताराकडे, ते ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फ पडणार होतं. शोधायला एकच बाजू जमणार होती.

राशीपाशी बसून डबा खाताना गुरोची नजर माझ्याकडे गेली. तिनं उठून माझ्या खाचेवरून बोट फिरवलं.

"ऐलिव्ह, ईस्टरच्या काठीला कुणी खाच कोरतं का?"

"असेल एखादा हौशी माणूस."

"अरे, ही आपलीच आहे! तिसरी!"

"मग इथं काय करतेय? रेनडिअरं काय वाटसरूंच्या पायवाटेनं चालायची?"

गुरो गोंधळली. पण काठी समोर उभी होती, नाकारणार कशी? शेवटी ती म्हणाली, "ठरलं. उद्या पश्चिमेला शोधू."

माझा जीव कासावीस झाला. माझं पातं पूर्वेला होतं! अजून एक हिवाळा त्याला सोसणार नव्हता. इतक्यात भजनाचे सूर ऐकू आले आणि मध्येच तुटले.

"अहो, अहो! माझी काठी का उपटताय?" तोरग्रिम धापा टाकत आला.

"तुमची?"

"मीच रोवलीय. बर्फाच्या कडेला पडली होती बिचारी."

ऐलिव्हनं कपाळावर हात मारला. "तोरग्रिम, पुण्य करायला गेलात आणि दीड हजार वर्षांचा पत्ता पुसलात की हो!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. गुरो मऊ आवाजात म्हणाली, "कुठून उचललीत, आठवतं?"

"तिथून... नाही, त्या खडकाशी... सगळे दगड सारखेच दिसतात गं." तो घुटमळला. त्याचे कान लाल झाले. "एक खूण आहे. पण सांगायची लाज वाटते."

"सांगा हो."

"संत्र्याची साल."

ऐलिव्ह पोट धरून हसायला लागला. त्या खोऱ्यात पोरंटोरंही ओळखत होती की डोंगरावर साल टाकणाऱ्याला तोरग्रिम सोडत नाही.

"खिसा फाटका होता," तोरग्रिम पुटपुटला. "दगडाखाली दाबली. परत येऊन नेणार होतो."

"तुम्ही! गेल्या ईस्टरला माझ्या लेकीला अर्धा डोंगर खाली पिटाळलंत, एका सालीसाठी!"

"तिला माझ्या नावानं चॉकलेट दे, पण आता चल!"

गुरोनं मला कापडात गुंडाळून हातांवर घेतलं. पूर्वेच्या घळीच्या तोंडाशी तिघंही गुडघ्यांवर बसली. तोरग्रिम एकेक दगड उलटून पाहत होता, पुन्हा तसाच ठेवत होता. ऊन कलायला लागलं. मग तो एकदम थांबला. दगडाखाली वाळून कडक झालेली, तपकिरी साल होती.

"देवा," एवढंच तो म्हणाला.

सालीपासून हातभर अंतरावर, दगडांच्या फटीत एक पातळसं लाकूड होतं. तोरग्रिमचा हात आपोआप पुढं गेला. मग त्यानं तो आवरून पाठीमागं धरला.

"मी नाही हात लावत. तुम्हीच घ्या."

गुरोनं जागा आखली, फोटो काढले, मग माझ्यावरचं कापड सारून पातं अलगद तळहातावर घेऊन माझ्या गळ्याशी आणलं. त्याच्या कडेची झीज माझ्या खाचेवरच्या झिजेशी जुळली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. तिच्या तळहातावर पातं थरथरलं आणि माझ्यावर आपटलं. टक्! एकदाच.

समोरच्या बर्फावर रेनडिअरांचा कळप उभा होता. सगळ्यांनी माना वर केल्या. एक म्हातारी मादी वळली आणि तिच्यामागं अख्खा कळप घळीत उतरला. त्यांनी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. मग कुणाच्या आठवणीनं ती वळली? मला कळलं नाही. गुरोलाही नाही. ऐलिव्हलाही नाही.

दुसऱ्या दिवशी, बर्फ पडायच्या आत, त्याच घळीत हारिउल्फची बुटकी भिंत सापडली.

आता मी आणि माझं पातं संग्रहालयात काचेआड शेजारी शेजारी निजतो. इथं वारा नाही. तोरग्रिम कधी कधी येतो, टोपी काढतो आणि हळूच गुणगुणतो. त्याच्या श्वासानं काच धुरकटते, पण पात्यापर्यंत काही पोचत नाही. मी नक्की कोण, भिववणारी की वाट दाखवणारी, ते अजून ठरलेलं नाही. पण जोडीला पातं आहे, म्हणून न ठरलेलंही सोसवतं.

तेवढी एक विनवणी ऐका, मित्रांनो. रानात, डोंगरात, नांगरलेल्या शेतात कधी काही जुनं पडलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका. खूण लक्षात ठेवा आणि जाणत्याला बोलवा. ते उचलून जागेवर ठेवायची घाई करू नका. कदाचित ते जागेवरच असेल.