शेवटच्या थांब्यावरची बारा मिनिटं

तिनं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि सीटखाली ठेवलेल्या चपला ओढून पायातले बूट काढायला घेतले. पुढे रस्ता नव्हताच. तो जिथे संपायचा तिथून रान सुरू व्हायचं.

"ताई, आज तरी नको," कंडक्टर मागून काकुळतीला येऊन म्हणाला. "पाच माणसं चढलीसुद्धा."

"मास्तर, आपली निघायची वेळ किती?"

"दहा बावन्न."

"आणि आता वाजलेत किती?"

"चाळीस."

"मग झालं तर."

"अहो, पण तपासणीत पास झालात ना परवा? आता कशाला पाहिजे ते बसणं? दोन मेमो झालेत. तिसरा आला की स्टिअरिंग गेलं."

"पास व्हायला बसत नव्हते मी," ती म्हणाली आणि उतरली.

हे काही संपूर्ण खरं नव्हतं. सुरुवात पास होण्यासाठीच झाली होती.

सव्वीस वर्षं ती बस चालवत होती. आवाजानंच रस्ता मोकळा करणारी, नाकावर माशी बसू न देणारी बाई. पहिल्यांदा डेपोत आली तेव्हा महिनाभर तरी टिकते का, यावर पैजा लागल्या होत्या. पैजा लावणारे कधीच निवृत्त झाले, ही अजून होती. पण सहा आठवड्यांपूर्वी वर्षाच्या तपासणीत डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, एकदा फुगवला, पुन्हा फुगवला आणि चष्मा काढून ठेवला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता, खालचा एकशे आठ.

"गोळ्या चुकवायच्या नाहीत. मीठ कमी. सहा आठवड्यांनी परत बघते. उतरलं नाही तर मला तुम्हाला स्टिअरिंगवर ठेवता येणार नाही. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जागा रिकामी आहे."

"लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळू?"

"छत्र्या तरी भांडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि रोज थोडा वेळ झाडांमध्ये बसा. फोन नको, गप्पा नकोत. झाडं काही करतात की आपण काहीतरी करायचं थांबतो, ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण माणूस आतून जरा खाली बसतो."

घरी मुलीला तर हर्षच झाला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि आईच्या रक्तदाबाची धास्ती तिनं आईपेक्षा जास्त घेतली होती.

"घे ना ती खिडकी, आई. पंख्याखाली बसायचं, पाचला घरी."

"पंख्याखाली तू बस."

"हट्ट हाच तुझा खरा आजार आहे."

"मग आण की त्यावर गोळी. दुकानातच तर असतेस."

बसायला वेळ कुठून आणायचा हा प्रश्न होता. तो सुटला तो ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवलेल्या वेळापत्रकात. सव्वीस वर्षं तिची पाठ त्या कागदाला लागलेली, आणि तिनं तो कधी धड वाचला नव्हता. शेवटच्या थांब्यापुढे स्पष्ट छापलं होतं: विश्रांती, बारा मिनिटं. ती कुणी घेत नसे. पुढे गर्दी लागली तर आठ मिनिटं हाताशी असावीत म्हणून सगळे चार मिनिटांत बस फिरवायचे. कागदावर बारा, चालीत चार. त्या वाचवलेल्या मिनिटांतून वाहतूक नियंत्रकांनी दिवसाची एक जादा फेरी काढली होती आणि तिचा तक्ता चौकटीत घालून आपल्या भिंतीवर लावला होता.

नियंत्रकांना डेपोत घड्याळसाहेब म्हणत. मुळात तेही ड्रायव्हर, याच सात नंबरच्या मार्गावरचे. अकरा वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या त्याच पट्ट्यानं त्यांना स्टिअरिंगवरून उठवून टेबलापाशी बसवलं होतं. चार मिनिटांत निघायची पद्धतही त्यांनीच पाडली असं जुने लोक सांगत.

पहिल्या दिवशी ती रानात शिरली आणि आडव्या पडलेल्या एका खोडावर बसली. बसली म्हणजे कशी? पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर, कोण कुठून आडवं येतंय ते बघत. बारा मिनिटं अशी काढून उठली तेव्हा तिला पाचोळ्यात एक खळगा दिसला. उजव्या टाचेखाली माती खोल दबली होती. ब्रेक! बाई झाडांना ब्रेक मारत बसली होती. तिला एकटीलाच मोठ्यानं हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बूट बसमध्ये ठेवले. पुढे खोडापाशी आल्यावर चपलाही काढू लागली. तरी पाय सुटायला दोन आठवडे लागले. पहिली चार मिनिटं तर मागे उभं असलेलं इंजिनच बोलायचं. थंड होताना टिकटिक, टिकटिक करत राहायचं. ते गप्प झालं की मग रान ऐकू यायचं. कुठेतरी वाळकी शेंग तडकायची, पानांतून काहीतरी सरपटायचं, सालीचा ओलसर वास यायचा. समोरच्या बुंध्यावरचा उन्हाचा ठिपका बोटभर सरकायचा. आणि कानांपाशी चढून बसलेले खांदे खाली यायचे, आपोआप.

तिला राग आला तो याच वेळी. बसच्या पुढच्या चाकापासून चाळीस पावलांवर हे सगळं सव्वीस वर्षं होतं. कुणी अडवलं नव्हतं. आपणच रोज आठ-आठ मिनिटं उचलून देत होतो, कुणी न मागता. आता मात्र एकही मिनिट द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

पहिल्या मेमोच्या वेळी घड्याळसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"बाई, सगळे चार मिनिटांत निघतात."

"सगळ्यांच्या कागदावर बारा लिहिलंय."

"कागद आम्हालाही वाचता येतो."

"मग वाचा की मोठ्यानं."

त्यांनी वाचला नाही. मेमो तेवढा दिला. दुसरा आला परवा, नेमका तपासणीच्या दिवशी. वरचा आकडा एकशे छत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी. डॉक्टरीणबाईंनी हसून कागदावर सही केली, आणि बाहेर येते तो शिपाई मेमो घेऊन उभा. तब्येतीनं परत दिलेलं स्टिअरिंग तब्येतीसाठीच जाणार, अशी गंमत झाली होती. कंडक्टरच्या जागी कुणीही असता तरी हेच म्हणाला असता, की ताई, नको.

आज ती खोडावर बसली. टिकटिक थांबली. उन्हाचा ठिपका सरकला. तिनं डोळे मिटले. आणि मागे स्कूटर येऊन उभी राहिल्याचा आवाज आला, मग पाचोळ्यावर बुटांचा.

"उठा बाई. चार मिनिटं कधीच होऊन गेली."

तिनं डोळे उघडले नाहीत. "किती झाली, साहेब?"

"सहा."

"मग सहा राहिली."

"माणसं खोळंबलीत तिकडे."

"त्यांच्या थांब्यावर दहा बावन्नच लिहिलंय."

"तिसरा मेमो खिशात आहे माझ्या. वेळ घालायची आणि सही, एवढंच बाकी आहे."

स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेली जागा तिला आत्ता, इथे, हाताला जाणवली. उठावं, चुकलं म्हणावं, संपलं. चाळीस पावलं तर होती.

"लिहा," ती म्हणाली. "पण बसून लिहा. उभ्यानं अक्षर बिघडतं."

घड्याळसाहेबांनी खिशातून मेमो काढला. कागद हातावर धरून पाहिला, पेन टेकवलं, कागद वाकला. शेवटी ते खोडाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि कागद गुडघ्यावर पसरला. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. त्यापुढचा आवाज काही आला नाही.

तिनं डोळे उघडले. साहेब कागदाकडे बघत होते. पाठ ताठ, डावा हात गुडघ्यावर. आणि त्यांचा पॉलिश केलेला उजवा बूट पाचोळ्यात रुतला होता. टाच खोल गेलेली, पोटरी ताणलेली. अकरा वर्षं झाली होती स्टिअरिंग सुटून.

भांडायला तोंडाशी आलेले सगळे शब्द तिनं गिळले.

"साहेब," ती हळू म्हणाली, "ब्रेक सोडा."

"काय?"

तिनं नुसतं त्यांच्या पायाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाय लगेच काही उचलला नाही, उचलता येत नसावा. मागे त्यांची स्कूटर टिकटिकत होती, तीही गप्प झाली. मग बूट सावकाश वर आला, आणि त्याखालचा खळगा दोघांनाही दिसला.

वेळ झाली तशी ती उठली, चपला घातल्या आणि मागे न बघता बसकडे गेली. बूट चढवले, किल्ली फिरवली, बस वळवून घेतली. प्रवासी कुरकुरत होते, पण घड्याळ बघून गप्प झाले.

"ताई, मेमो?" कंडक्टरनं विचारलं.

"माहीत नाही."

आरशात खोडाचं टोक दिसत होतं. साहेब तसेच बसले होते. गुडघ्यावरचा कागद एका कोपऱ्यानं फडफडत होता आणि त्यांनी तो धरला नव्हता.

"त्यांना हाक मारू का?"

"नको," ती म्हणाली. "त्यांची अजून बारा व्हायचीत. तुम्ही बेल द्या."

कंडक्टरनं एकदा रानाकडे पाहिलं आणि डबल बेल दिली. दहा बावन्न झाले होते.