सेतुरामरावांचं गोड बोलणं

कुंभकोणमच्या वीजखात्यात सेतुरामरावांइतका हुशार इंजिनियर दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट बहुतेकांना खुद्द त्यांच्याकडूनच कळलेली होती. खांब कुठे रोवावा, तार किती ताणावी, कुठल्या गावाला किती भार लागेल, हे ते कागद न उलगडता सांगत. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र गाडं अडायचं. पंचावन्न साली तिरुवलंचुळीच्या एका गृहस्थांना त्यांनी चारचौघांत सुनावलं, की ज्याला ओम् आणि ओहम् यांतला फरक कळत नाही त्याने विजेच्या कामात बोलू नये. ते गृहस्थ नेमके देवळाचे विश्वस्त निघाले.

तक्रार वर गेली. मोठे साहेब शंकरनारायण यांनी सेतुरामरावांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की मद्रासला इंजिनियरांसाठी संभाषणकलेचा दहा दिवसांचा वर्ग निघाला आहे, तुमचं नाव मी घातलं आहे. सेतुरामराव दुखावले. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात बोलण्याचीच चाकरी करत आले होते, असं त्यांच्या घरात समजत. पण हुकूम तो हुकूम. गेले, आणि कुठलाही विषय शिकावा तसा हाही पहिल्या नंबराने शिकून आले. समोरच्याला नावाने हाक मारावी. घरच्यांची चौकशी करावी. आधी त्याचं कौतुक करावं, मग आपलं काम काढावं. आणि सदा हसतमुख असावं. हसण्याचा सराव ते न्हाणीघरात करत. बायको मीनाक्षीबाई बाहेरून दोनदा विचारून गेल्या, बरं आहे ना म्हणून.

परीक्षा दारासुरमला झाली. तिथल्या रेशीम विणकरांच्या गल्लीत अकरा खांब उभे करायचे होते. जागा दाखवणाऱ्या खुंट्या खात्याने दोनदा ठोकल्या आणि गल्लीने दोनदा उपटल्या. त्या वेळी सेतुरामराव ओरडले होते. आता ते नवं हसू घेऊन गेले आणि गल्लीतले वडीलधारे विणकर त्यागराज यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी घराची स्तुती केली, मागावरच्या साडीची केली, मग मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं. ते लग्न आठच दिवसांपूर्वी मोडलं होतं. त्यागराज उठून आत गेले. सेतुरामराव हसतमुख होतेच.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोलणं पसरलं. ओरडणाऱ्या इंजिनियरला खांब हवे होते, एवढं तरी नक्की होतं. हसणाऱ्याला काय हवंय कोण जाणे. बहुधा सरकार घरं घेणार. दुसऱ्या दिवशी खुंट्यांच्या जागी शेण टाकलेलं होतं.

साहेबांनी गुरुवारपर्यंत निकाल मागितला. आणि बुधवारी सेतुरामरावांची अक्कलदाढ ठणकू लागली. गावातल्या दंतवैद्याने ती उपटली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि दोन दिवस अक्षर बोलायचं नाही, असं बजावलं. गुरुवारी ते सुजलेला गाल घेऊन, काखेत नकाशा मारून बसने दारासुरमला उतरले. निदान प्रयत्न केला असं लिहिता यावं, एवढीच त्यांची आशा उरली होती.

त्यागराजांनी गाल पाहिला, लवंगेचं तेल आणवलं आणि बसायला सांगितलं. सेतुरामरावांनी नकाशा उलगडला. मग दोघेही गप्प. अशी शांतता सेतुरामरावांनी आजवर कधी दोन क्षणांच्या वर टिकू दिली नव्हती. ती आता त्यागराजांनाच मोडावी लागली.

ते सावकाश बोलू लागले. विजेला कोण नको म्हणतंय, म्हणाले. दिव्याच्या धुराने रेशीम काळवंडतं, डोळे जातात. पण खांब या बाजूला नकोत. इथे सेतुरामरावांच्या जिभेवर उत्तर आलं, की दुसरी बाजू तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, पण तोंडात बोळा होता. ते पेन्सिल शोधेपर्यंत त्यागराजांचं पुढचं वाक्य येऊन गेलं, आणि कारण त्या वाक्यात होतं.

“सकाळी आम्ही रेशमाच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरतो तो याच कडेने, साऱ्या गल्लीभर. मध्ये खांब आला की पहिल्या दिवशी ताणा तुटेल आणि दुसऱ्या दिवशी चूल विझेल.”

सेतुरामराव ही गल्ली चार वेळा मोजून गेले होते, पण नेहमी दुपारी. त्यांनी नकाशावर घरांच्या मागची पाटाकडेची वाट पेन्सिलीने आखली आणि मान वर केली. अकराचे बारा खांब होत होते, एवढंच.

“तिकडे हवे तेवढे घाला,” त्यागराज म्हणाले. “हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.”

महिन्याभरात गल्लीत दिवे लागले. साहेब वर्गावर बेहद्द खूश झाले. वर्गाचा केवढा उपयोग झाला, असा अहवाल त्यांनी मद्रासला धाडला. खरं काय झालं ते सेतुरामरावांनी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, विनय हाही त्याच शिक्षणाचा भाग. पुढे तंजावरला आसपासच्या तालुक्यांतले तीस इंजिनियर जमवून ‘लोकांचं ऐकावं कसं’ या विषयावर सेतुरामरावांचं व्याख्यान ठेवण्यात आलं.

आता दाढेची जखम पूर्ण भरली होती. सेतुरामराव सव्वा तास बोलले. ऐकण्याचे सात प्रकार त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून समजावले. मायावरमच्या एका तरुण इंजिनियरने तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा त्यांनी त्याला हसतमुखाने, नावाने हाक मारून खाली बसवलं. प्रश्न शेवटी, म्हणाले. शेवटी जेवणाची घंटा झाली.

घरी आले ते समाधानाने. मीनाक्षीबाईंनी विचारलं, लोकांनी काय काय विचारलं म्हणून.

“विचारायला वेळच उरला नाही,” सेतुरामराव म्हणाले. “पण ऐकत होते मात्र सगळे, अगदी कान देऊन.” आणि ऐकण्याचा पहिला प्रकार कुठला, ते त्यांनी दारातूनच सांगायला घेतलं.

मीनाक्षीबाईंना दुपारी मेलकावेरीहून आलेल्या पाहुण्यांचं सांगायचं होतं. ते त्यांनी उद्यावर ठेवलं आणि पान वाढलं.