सांतियागोहून करमाडला

काविळीचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संस्कृतीचं यकृत निकामी झालं. करमाडच्या काकासाहेबांची ही धाकटी लेक, अजून कॉलेजात शिकणारी. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर करुणाबाईंनी स्पष्टच सांगितलं, घरातल्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवला तरच पोर वाचेल. काकासाहेबांना साखरेचा आजार, आई साळूबाईंचा रक्तगट जुळेना. उरला थोरला विश्वजीत. तो शेंद्र्याच्या कारखान्यातर्फे चिलीत, तांब्याच्या खाणीवर यंत्रं बसवायला गेलेला. फोन जाताच तो निघाला.

काकासाहेबांनी मोबाइलवर शोधलं. चिलीची राजधानी सांतियागो ते मुंबई, अंतर सोळा हजार किलोमीटर, प्रवास वीस तास. त्यांच्या जिवात जीव आला. धावत जाऊन त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, उद्या पोरगा येतोय. तेवढ्यात विश्वजीतचा पुन्हा फोन आला. इतक्या लांबवर सरळ येणारं विमानच नव्हतं. वीस तास हा नुसता कागदावरचा हिशेब. त्याला आधी ब्राझील, तिथून दोहा, मग मुंबई आणि मग संभाजीनगर असं यावं लागणार होतं. वाटेत दोन दिवस मोडणार होते.

काकासाहेब अतिदक्षता विभागाच्या दारात बसून मोबाइलच्या नकाशावर सरकणारं विश्वजीतचं चिमुकलं विमान बघत राहिले. निळ्या समुद्रावरून ते हलतच नव्हतं. साळूबाई सारख्या विचारायच्या, कुठवर आलं. ते म्हणायचे, आलं, जवळ आलं.

विमान समुद्राच्या मधोमध असतानाच संस्कृती गेली.

दोह्याला उतरल्याबरोबर विश्वजीतचा फोन आला. काकासाहेबांनी साळूबाईंकडं पाहिलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि नुसती मान हलवली, सांगू नका. परक्या मुलखात एकटं पोरगं हे कसं सोसणार?

"हाय तशीच हाय. तू ये," काकासाहेब म्हणाले. एवढं बोलून त्यांनी घाईनं फोन ठेवला.

गावात भावकी कुजबुजत होती, अग्नी न देता पोरीला असं किती ताटकळत ठेवायचं. काकासाहेबांनी कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर गेले. विश्वजीत जवळजवळ पळतच बाहेर आला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"आबा, मी वाटेत कशाला तोंड लावलं नाय. लगेच टेबलावर घेतलं तरी चालंल. चला."

काकासाहेबांनी त्याची बॅग घेतली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात त्याला ओढतच नेलं, पोहे मागवले, बशी पुढं सरकवली.

"आबा, ऑपरेशनच्या आधी खायचं नसतं."

"आता खाल्लं तरी चालतंय, बाळा."

विश्वजीत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. बशी बाजूला सारून त्यानं विचारलं, कवा.

"तू समुद्रावर व्हतास."

फोनवर आबा खोटं बोलले, हे त्याच्या ध्यानात आलं. तो रागावेल असं काकासाहेबांना वाटलं, पण तो रागावला नाही. त्यानं शर्टावरून पोटाची उजवी बाजू घट्ट धरली.

"मग हे घेऊन मी कुणाकडं आलो, आबा?"

पोहे तसेच टाकून दोघं उठले. जालना रोडनं जीप करमाडकडं निघाली. वाटेत विश्वजीतनं विचारलं, शेवटी तिनं माझं नाव काढलं का.

संस्कृती शेवटचे दोन दिवस शुद्धीवरच नव्हती.

"व्हय, काढलं," काकासाहेब म्हणाले.