चाळणीखालची काठी

मित्रांनो, मी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरातल्या खाणवाल्यांच्या चर्चमधली एक जुनी, रंगवलेली फळी आहे. वेदीमागची. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं दुखणं त्या ‘मागची’तच आहे.

वेदीच्या पुढच्या बाजूला माझी बहीण असते. आम्ही दोघी लिंडेनच्या एकाच खोडातून निघालो, एकाच सुताराने आम्हाला रंधा मारला. मग चित्रकार फाइट आला. त्याने तिच्यावर बाळाला घेतलेली मरियामाता काढली. तिच्या झग्यासाठी दूरदेशीचा निळा रंग आणला, डोक्यामागे सोन्याचा वर्ख लावला. माझ्यासाठी गावच्या ओढ्यातली माती आणि चुलीची काजळी. तिच्यापुढे मेणबत्त्या लागल्या. मला झाडणाऱ्याने झाडू टेकवून ठेवला.

माझ्यावर फाइटने खाणीचा डोंगर काढला आणि मधोमध लोरेंझ. हा लोरेंझ हेझलच्या झाडाची दुबेळक्याची काठी दोन्ही मुठींत धरून माळावर फिरायचा. काठीचं टोक खाली ओढलं गेलं की तिथे चांदीची शीर आहे, असं गाव मानायचं. पाण्यासाठी पाणाडी असतो ना, तसा हा धातूसाठी.

“मान वर कर की लोरेंझ,” फाइट म्हणायचा. “चांदी काय तुझ्या नखात आहे?”

“वर बघितलं की ही हसवते.”

ही म्हणजे त्याची बायको ओटिलिये. ती तिथेच मांडीवर उशी घेऊन लेस विणत बसायची. “मी कशाला हसवू?” ती म्हणायची. “तूच नवरदेवासारखा अवघडून उभा आहेस.”

काठी मात्र फाइटने अशी काढली की साल ओली वाटावी. पुढचीकडे सोनं असेल, पण जमिनीतलं धन शोधणारं काही तिच्याकडे नव्हतं. तेवढ्यावर मी तोरा मिरवत होते.

पुढे एका हिवाळ्यात खाणीत पाणी शिरलं. लोरेंझ आतच राहिला. तो सापडला नाही, म्हणून त्याची कबरही नाही.

आमच्याकडे रविवारी दान टाकायला सगळे वेदीला वळसा घालून जातात. लोक माझ्यासमोरून भरभर निघून जायचे. ओटिलिये थांबायची.

“चल की गं बाई,” मागून कोणीतरी म्हणायचं. “अख्खी खाण खोळंबलीय.”

“खोळंबू दे. माझा नवरा फक्त रविवारी भेटतो.”

मला वाटायचं, आलं कोणीतरी माझ्यासाठी. पण ती माझ्या डोंगराकडे बघायची नाही, काठीकडेही नाही. फक्त त्या चेहऱ्याकडे. मग मी त्या चेहऱ्याचाही हेवा करू लागले. माझ्याच अंगावरचा, आणि माझ्याहून लाडका.

मग नवे पाद्री आले, क्रिस्पिन नावाचे. त्यांनी ठरवलं की काठीला ओढतो तो सैतान, आणि काठीवाल्याला वेदीमागे जागा नाही. म्हाताऱ्या फाइटला बोलावणं गेलं. तो रंगाची भांडी घेऊन आला, तर ओटिलिये माझ्यापुढे उभी.

“पाद्रीबाबा, काठी पुसा,” ती म्हणाली. “माणूस ठेवा.”

“आणि ते पुढे आलेले हात? भीक मागतोय असं दिसेल.”

“मग त्यांत काहीतरी द्या. धातूचे खडे धुवायची चाळण द्या. लग्नाआधी तो चाळणीवरच कामाला होता.”

पाद्री फाइटला म्हणाले, “चाळणीत सैतान येणार नाही ना?”

“आला तरी गळून जाईल,” फाइट म्हणाला. “भोकं कशाला असतात?”

पाद्रींना हसू आलं, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

अशी माझी काठी गेली. मित्रांनो, मी फार जळले. पुढचीच्या वर्खाला कोणी हात लावला नाही, आणि माझा एकुलता एक अभिमान करड्या रंगाखाली बुजवला गेला. पण ओटिलिये त्यानंतरही दर रविवारी आली. नजर अधू झाल्यावर ती हात पुढे करायची आणि चाळणीच्या कडेवरून बोटं फिरवायची. त्या जागी रंग झिजून गुळगुळीत झाला. एके रविवारी ती आली नाही, आणि मग कधीच नाही.

शेकडो वर्षं माझ्याकडे कोणी धड पाहिलं नाही. हल्लीच जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या हेन्रिकेबाई आल्या. त्यांनी रंगाखालचं दाखवणारा कसलासा दिवा माझ्यावर धरला आणि आताच्या झाडणाऱ्याला हाक मारली.

“हे बघा, चाळणीखाली काठी आहे. अगदी शाबूत.”

“मग खरवडा की वरचं,” तो म्हणाला. “धातू शोधणाऱ्याचं एवढं जुनं चित्र! लोक पुढून मागे येतील.”

“निघेल सहज. पण ही कड कोणीतरी हात लावून लावून झिजवलीय. ती पण जाईल.”

त्या विचार करायला वेळ मागून गेल्या आहेत. म्हणून तुम्हाला सांगते. जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे तिला कोरी करायचं, असं धरून चालू नका. तिच्यावर कोणाचा हात फिरला होता, ते आधी विचारा. काठी उघडी पडली तर माझं नाव होईल. मेणबत्त्या माझ्यापुढे लागतील आणि पुढची मनातल्या मनात जळेल. ते बघायला मला किती आवडेल, हे तुम्हाला काय सांगू.

तरीही चाळण राहू द्या.