काशीच्या बांगडीचं माप

बदलापूरच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या डोहात शिंपले काढायचा बायकांचा एकच नियम होता: शिंपला आडवा धरून बांगडीत मावला, तर तो नदीला परत. काशीला तो सासूने शिकवला, काशीने आपल्या सुनेला. पण गेली दोन वर्षं टोपली भरेना. शेवटी गावकीने मनावर घेतलं, सोमवारच्या बैठकीत डोह तीन वर्षांसाठी बंद करायचा. स्टेशनाबाहेर शिंपल्यांचे वाटे विकून काशीचं घर चालायचं. तिचं धाबंच दणाणलं.

पिल्लं उचलणारा चोर कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रविवारी उल्हासनगरहून सहलीला येणारे शेट लोक, दुसरं कोण! त्यांना काठावरून शिव्या घालण्यात तिने कधी कसर ठेवली नव्हती. या रविवारी ती पदर खोचून गेली आणि एका शेटची बादलीच उपडी केली. आत सात शिंपले, एकेक तळहाताएवढा.

"माई, छोटा लेके क्या करेगा? बच्ची को बडावाला दिखाने का है," तो बिचारा म्हणाला.

काशी खजील झाली. तेवढ्यात तिची सून द्रौपदी टोपली घेऊन पाण्यातून वर आली. टोपलीत सगळी पिल्लं!

"अगो, नियम खुंटीला टांगलास काय?"

"आय, शप्पत, एकेक बांगरीन मापलाय!" द्रौपदी रडकुंडीला आली. तिने हातातली बांगडी काढून दाखवली. काशीनेही आपली काढली. सुनेची बांगडी सासूच्या बांगडीत अलगद जाऊन बसली.

काशीच्या ध्यानात आलं. गावात अलीकडे आलेल्या साऱ्या सुना अशाच काडीसारख्या मनगटांच्या. नियम कुणीच मोडला नव्हता. जिने तिने आपापल्या बांगडीने पाळला होता. काशीला हसू फुटलं, ते आवरेना. किती दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

सोमवारी तिने दोन्ही बांगड्या सरपंच कमळाकरपुढे ठेवल्या. त्याने कपाळावर हात मारला आणि बंदीचा कागद फाडला. "आता काशीबायचीच बांगरी. सगल्यांना, पावन्यांना पन."

पुढच्या रविवारी काशीने त्या शेटला गाठलं. "शेट, दोन वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. चुकलं माझं."

"वो गाली था?" शेट चकित झाला. "हम समझा, माई बुलाती है. बच्ची तो हाथ हिलाती थी."

काशीने टोपलीतला सगळ्यात मोठा शिंपला उचलला आणि त्या पोरीच्या ओंजळीत ठेवला.