ॲरिझोनाचा दगड

लढाईची जागा दिसली की माझ्या नवऱ्याच्या अंगात येतं. लग्नाआधी दर रविवारी हृषिकेश गड चढायचा आणि प्रत्येक गडावरची मूठभर माती बाटलीत भरून आणायचा. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला नोकरी लागली तेव्हा बाटल्या सासूबाईंच्या कपाटात राहिल्या, सवय मात्र आमच्याबरोबर विमानात बसली.

आमच्या खालच्या मजल्यावर डेल्बर्ट राहतो. अमेरिकन सैन्यात आहे, इथल्या तळावर. मूळचा ॲरिझोनाचा, तिथल्या अपाची या आदिवासी जमातीचा. २००७च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेला निघालो, तेव्हा तिकडची एक खिंड त्यानेच सुचवली. निळ्या गणवेशातल्या अमेरिकन घोडदळाने अपाचींना तिथे गाठलं होतं. त्याची पणजी तेव्हा लहान होती, दगडांच्या आडोशाला लपून वाचली. "बघून या," एवढंच तो म्हणाला.

गेलो. रणरणतं वाळवंट, निवडुंग आणि गुडघाभर उंचीचा ढासळलेला दगडी बांध. त्याच्या आडून अपाची लढले होते. "अगं, ही यांची पावनखिंड!" हृषिकेश गहिवरून म्हणाला. आणि गाडीत बसताना बांधातला मुठीएवढा दगड त्याच्या खिशातून निघाला. इथलं काही उचलू नका, अशी पाटी फाटकावरच होती. मी ओरडले. पण थोडंच ओरडले, कारण एसी लागला होता आणि उन्हात परत चालायचा मला कंटाळा आला होता.

दिवाळीत अवनीने बाल्कनीत किल्ला केला. आमची लेक आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. मातीवर हिरवळीसाठी अळीव पेरले. अडलं ते मावळ्यांपाशी. दुकानात प्लास्टिकचा एकच संच मिळाला: निळे घोडेस्वार आणि पिसांवाले रेड इंडियन.

"निळे आपले मावळे," हृषिकेशने निकाल दिला. "घोडा आहे, तलवार आहे, आणखी काय पाहिजे? पिसांवाले शत्रू."

दगड शेंड्यावर बसला, त्याच्या कपारीत भगवा रोवला. लढाई खरी वाटावी म्हणून पायथ्याशी काही पिसांवाले आडवे पाडायची कल्पना माझी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पाडव्याला डेल्बर्टला फराळाला बोलावलं. अवनीने त्याला हात धरून बाल्कनीत नेलं, आणि आम्हा दोघा शहाण्यांना तेव्हाही काही सुचलं नाही. मी ताटली घेऊन आले तर तो किल्ल्यापाशी उकिडवा बसला होता. आडव्या पडलेल्यांकडे बोट दाखवत अवनी सांगत होती, "दास सिंद दी ब्योझन." हे वाईट लोक. मग शेंड्यावर बोट ठेवून जर्मनमध्येच अभिमानाने म्हणाली, "आणि हा दगड पपाने तुझ्या गावाहून आणलाय!"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

डेल्बर्ट चिडलासुद्धा नाही. "लहानपणी मीही खेळात घोडेस्वारच व्हायचो," तो म्हणाला. "अपाची व्हायला कुणी तयारच नसायचं. आमच्या वस्तीतसुद्धा." मग दगडाकडे बघून त्याने विचारलं, "त्या बांधातला?"

एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माझा नवरा चाचरला. "आल्झो... म्हणजे... आमच्यात गडावरची माती घरी आणतात. मान म्हणून."

"आमच्या घरचे तिथलं काही हलवत नाहीत," डेल्बर्ट म्हणाला.

त्याने फराळ मात्र पोटभर खाल्ला. चकली दुसऱ्यांदा मागून घेतली. मला वर मान करून बघवत नव्हतं. निघताना तो दारात थांबला.

"नाताळात मी घरी जातोय. तो दगड मला द्याल का?"

द्याल का! चोरी आमची, आणि मागायची वेळ त्याच्यावर. हृषिकेशने भगवा काढून ठेवला, दगडाची माती नव्या झब्ब्याला पुसली आणि दोन्ही हातांनी दगड पुढे केला. डेल्बर्टने तो कागदी रुमालात गुंडाळला, वर आमचेच आभार मानत "डांके" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

शेंड्यावर खड्डा पडलेला बघून अवनी हिरमुसली. मग किल्ल्याकडे बोट दाखवून तिने मला विचारलं,

"ममा, वेअर सिंद येत्झ्ट दी ब्योझन?" आता वाईट कोण?

हृषिकेशने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. 'आम्ही' म्हणायचं धैर्य दोघांपैकी एकालाही झालं नाही.